मुरलेलं तेल

मच्छिंद्रमामा तारूंना कुणी नावाडी म्हटलेलं खपत नसे. नावाडी त्यांचे वडील होते, आजोबा होते, आणि वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत ते स्वतःही होते. त्यानंतर ते ड्रायव्हर झाले. गोदावरीला आम्ही गंगा म्हणतो. तीर्थपुरीच्या खालच्या अंगाला, गंगेच्या काठी आमचं गाव, आणि गावाच्या घाटावर मामांची नाव. त्र्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर त्या नावेवर पाच हॉर्सपावरचं डिझेल इंजिन बसलं आणि मामांनी खाकी शर्ट शिवून घेतला. शर्टाच्या खिशात कायम एक पाना असायचा. त्या पान्यानं नेमकं काय पिळायचं हे त्यांना ठाऊक होतं असं मला वाटत नाही, पण त्याच्यावाचून ते घाटावर कधी दिसले नाहीत.

हे इंजिन आलं होतं पाणी उपसायला. आमच्या गावचे बागायतदार अप्पाराव, त्यांच्या विहिरीवर ते होतं. बहात्तरला विहिरीनं तळ दाखवला आणि इंजिन वर्षभर बसून राहिलं. पुढच्या साली पाऊस बरा झाला, विहिरीला पाणी आलं, पण तोवर गावात वीज आली होती आणि अप्पारावांनी मोटार बसवली होती. त्यांची निम्मी जमीन गंगेपल्याड. ते मामांना म्हणाले, इंजिन घेऊन जा, नावेवर बसव, माझी माणसं फुकट ने-आण कर म्हणजे झालं. मग नव्या जालन्याहून बद्रीनाथ मिस्त्री आला. दोन दिवस ठोकाठोक करून त्यानं नावेच्या मागं पंखा बसवला, इंजिन चालू करायला शिकवलं, बंद करायला शिकवलं आणि एसटीनं निघून गेला. मधल्या काही गोष्टी विचारायच्या असतात हे मामांना सुचलं नाही, आणि सांगायच्या असतात हे मिस्त्रीला.

मी त्या नावेची रोजची गिऱ्हाईक. औरंगाबादेत शिकले, नोकरी लागली ती पल्याडच्या गावातल्या शाळेत, म्हणजे बीड जिल्ह्यात. घर इकडं, शाळा तिकडं, मधे गंगा आणि मच्छिंद्रमामा. मी तशी रागीट. शाळेतली पोरं मला मागून काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, इथं सांगणार नाही. पण मामांपुढं राग चालत नसे. आपण रागावलो की ते गुपचूप ऐकून घेत आणि शेवटी विचारत, "चहा घेतला का बाई?"

इंजिन नवं होतं तेव्हा नाव दहा मिनिटांत पल्याड लागायची. गावोगावची माणसं नुसती बसायला म्हणून येत. मामांना कुणी सहज विचारलं, इंजिन कसं आहे, की ते घरातल्या माणसाची तब्येत सांगावी तसं सांगत. काल जरा जड होतं, आज मोकळं आहे, थंडीचं उठायला कंटाळा करतं. आणि विचारणारा जरा जाणता असला तर त्याला तेल दाखवत. इंजिनात तेल किती आहे ते बघायची एक लोखंडी पट्टी असते. ती बाहेर काढून तिच्यावरचं काळंकुट्ट तेल ते बोटावर घेत, अंगठ्यानं चोळत, वास घेत आणि समोरच्यालाही घ्यायला लावत.

"बघा, कसं मुरलंय."

इथंच सगळी गोम होती. मामांच्या हिशेबानं नवं तेल म्हणजे कच्चं तेल. पिवळं, पातळ, अंगात काही नसलेलं. ते इंजिनात जाऊन महिनोन्‌महिने तापतं, काळं होतं, दाट होतं, म्हणजे मुरतं. लोणचं मुरतं तसं. घरात चतुराबाई, म्हणजे मामी, चार-चार वर्षांचं लिंबाचं लोणचं बरणीत राखून असायच्या आणि पोट दुखलं की सगळी आळी त्यांच्याकडं यायची. मामांचं इंजिन ही दुसरी बरणी. पातळी खाली गेली की ते वरून थोडं नवं तेल घालत, पण आतलं कधी काढत नसत. काढलं तर एवढंच, की कुणाच्या गाडीचा आख कुरकुरतोय, कुणाच्या म्हशीला खरूज झालीय, कुणाच्या खांबाला वाळवी लागलीय, की मामा पळीभर काळं तेल त्याच्या बाटलीत घालत. त्या पळीभर तेलावर त्यांचा गावात केवढा मान होता. डॉक्टरला कुणी एवढा राम राम घालत नसे.

अशी दोन वर्षं गेली. मुरायचं ते तेल मुरत राहिलं आणि इंजिन खोकायला लागलं. आधी धूर काळा झाला, मग निळा. हँडल मारायला एकटे मामा पुरत तिथं दोन माणसं लागू लागली, मग तीन. दहा मिनिटांची खेप पंचवीस मिनिटांवर गेली. कधी मधेच बंद पडे, मग मामा खिशातला पाना काढून इंजिनावर दोनदा वाजवत आणि शेवटी बांबू हातात घेत. माझ्या मुख्याध्यापकांनी हजेरीच्या वहीत लाल शाईनं माझ्या नावापुढं टिंबं द्यायला सुरुवात केली. मी मामांना बोलायची. मामा विचारायचे, चहा घेतला का.

त्यात मामांच्या मुलीचं लग्न ठरलं. बेबीनंदा एकुलती एक, दोन भाऊ लहानपणीच गेलेले. मुलगी गुणाची, घाटावरच वाढलेली, नाव बांधायला-सोडायला बापापेक्षा चलाख. स्थळ पल्याडचंच, माझ्या शाळेच्या गावातलं. व्याही काकासाहेब, तेही भोईच. त्यांचीही नाव होती, पण वल्ह्याची. इंजिनाचा त्यांना मनापासून तिटकारा. सुपारी फुटली त्या दिवशी नावेतून परत जाताना इंजिन दोनदा बंद पडलं, तेव्हा काकासाहेब सगळ्यांदेखत म्हणाले, व्याही, तुमचं इंजिन खोकून राह्यलंय, नवरदेव आम्ही आमच्या नावेनं आणतो. मामांना ते फार लागलं. लेकीचा नवरा इंजिनानं आणायचा हे त्यांनी नाव रंगवली तेव्हापासून मनाशी धरलं होतं. ते भर गंगेत उभे राहून बोलून गेले:

"नवरदेव इंजनानंच येईल. अर्ध्या गंगेत बंद पडलं तर मिशी उतरवीन."

मिशी काही साधीसुधी नव्हती. इंजिन आल्यावर तिला तेलपाणी सुरू झालं होतं आणि दोन्ही टोकं वर गेली होती. काकासाहेब हसले, म्हणाले ठीक आहे, वस्तरा आम्ही आणतो. लग्न मार्गशीर्षातलं, रविवारचं. हाताशी पंधरा दिवस.

त्या रात्री मामा जेवले नाहीत असं मामींनी मला सांगितलं. मला वाईट वाटलं, आणि टिंबांचा राग होताच. मी बद्रीनाथ मिस्त्रीला कार्ड टाकलं. धुराचा रंग, खोकला, हँडल, सगळं व्यवस्थित लिहिलं आणि शेवटी विचारलं, तुम्ही येऊ शकाल का. आठव्या दिवशी उलट टपाली कार्ड आलं. मिस्त्री कपाशीच्या हंगामात जिनिंगवर अडकला होता, येऊ शकत नव्हता. पण मुंगीएवढ्या अक्षरात त्यानं लिहिलं होतं की इंजिनाला काही झालेलं नाही, तेल बदला. तेल दर अडीचशे तासांनी बदलायचं असतं. हवेची जाळी रॉकेलनं धुवा. शुक्रवारच्या एसटीत ड्रायव्हरजवळ तेलाचा डबा देतो, तीर्थपुरीला उतरवून घ्या. आणि मग खाली कृती, अगदी पाककृतीसारखी, जागा संपली म्हणून पत्त्याच्या बाजूला वळलेली.

मी घाटावर बसून हिशेब केला. रोजच्या चौदा खेपा, खेपेला पाव तास, म्हणजे सत्तर दिवसांत अडीचशे तास होतात. पुराचे महिने वगळले तरी दोन वर्षांत तेल निदान नऊ वेळा बदलायला हवं होतं. मी मामांना विचारलं, तुम्ही किती वेळा बदललं?

मामांनी छातीवर हात ठेवला. "एक बार बी न्हाई, बाई. तेवढं पाप माज्या हातून घडलं न्हाई."

मी कपाळावर हात मारला. मग मी त्यांना समजावलं, आधी गोडीनं आणि मग माझ्या पद्धतीनं. तेल काळं होतं ते मुरून नाही, आतली काजळी आणि लोखंडाचा कीस खाऊन. ते ऐकत होते आणि त्यांचा चेहरा पडत चालला होता. दोन वर्षं ज्या तेलाचा वास त्यांनी सगळ्या पंचक्रोशीला दिला, ते तेल घाण आहे असं ही काल आलेली मास्तरीण सांगते. मग त्यांनी एकच विचारलं, की असं असेल तर इंजिनाला ह्यानं त्रास झाला असेल का. मी हो म्हणाले. त्यावर त्यांनी इंजिनाच्या टाकीवरून नुसता हात फिरवला.

डबा शुक्रवारी संध्याकाळी आला. शनिवारी माझी सकाळची शाळा. अकराच्या सुमाराला मी पल्याडच्या वल्ह्याच्या नावेनं परत आले तर मामा डबा मांडीवर घेऊन घाटावर बसलेले. उद्या लग्न, आज घरी हळद, आणि हे इथं. मी म्हटलं, चला, सुरू करू. तर म्हणे आज शनिवार. शनिवारी तेल घरात आणत नाहीत, तेलाला हात लावू नये असं चतुरा म्हणते.

आता आमच्या घरी छप्पन सालापासून शनी, मारुती सगळं बंद आहे. पण वादात त्यांचा उपयोग होतो. मी विचारलं, मामा, तेल आणलं कधी? काल, शुक्रवारी. मग आणायचा प्रश्न मिटला. आणि शनिवारी मारुतीला तेल वाहतात की नाही? वाहतात. मग इंजिनानंच काय घोडं मारलंय? मामांनी थोडा विचार केला आणि ते उठले. मला वाटतं त्यांना कुणीतरी असं बोलून उठवायलाच हवं होतं.

नाव काठावर ओढलेली होती, तिचं तोंड वाळूवर. कार्डात लिहिलं होतं, आधी इंजिन चालवून गरम करा म्हणजे तेल पातळ होऊन पूर्ण निघेल. तीन माणसं लावून इंजिन चालू केलं, पंधरा मिनिटं निळा धूर गिळला आणि बंद केलं. तेल काढायचा बोल्ट इंजिनाच्या पोटाखाली, आणि त्याच्या खाली नावेचा तळ फक्त चार बोटांवर. बादली जाईना. ताट गेलं, पण चार लिटर तेल ताटात मावायचं कसं? तेव्हा माझ्या डोक्यात परात आली. मामींच्या घरी लग्नासाठी बाहेर काढलेली जर्मनची मोठी परात होती. मी स्वतः जाऊन मागून आणली. कशाला हवी म्हणून मामींनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, मामांना हवीय. हे खोटं नव्हतं, पण पोरांनी वर्गात असं उत्तर दिलं असतं तर मी त्यांना बाकावर उभं केलं असतं.

खिशातल्या पान्याला दोन वर्षांत पहिल्यांदा काम मिळालं. तो बोल्टला बरोबर बसला. मामा पोटावर आडवे झाले, पीळ काढला, आणि तेल आलं. तेल कसलं, डांबरच. आधी बोटाएवढी जाड धार, मग करंगळीएवढी, मग थेंब. मामा डोळ्यांची पापणी न हलवता बघत होते. परात भरत आली तोवर घाटावर गर्दी जमली होती. मच्छिंद्र सगळंच तेल काढून राह्यलाय ही बातमी गावभर झाली होती आणि जो तो बाटली घेऊन हजर. मामांनी कुणाला नाही म्हटलं नाही. आखाला, म्हशीला, खांबाला, सगळ्यांना मिळालं. इंजिनाच्या पोटातली घाण गाव भक्तिभावानं घरी नेत होतं आणि मी कार्ड धरून उभी होते.

जाळी रॉकेलनं धुतली. तिच्यातून दोन वर्षांचा धुरळा आणि कुठल्याशा पाखराचं पीस निघालं. बोल्ट पुसून घट्ट बसवला. आता नवं तेल ओतायचं, तेवढ्यात मामा अडले. परातीच्या कडेला त्यांनी वाटीभर जुनं तेल राखून ठेवलं होतं.

"बाई, एवढं आत जाऊ द्या. विरजणाला."

मी त्यांच्याकडं नुसतं बघितलं. मामांनी वाटी खाली ठेवली. नंतर मी बाटल्यांच्या गर्दीला हाकलायला वळले तेवढ्या वेळात त्यांनी ती वाटी आत रिकामी केली असावी असा माझा आजही संशय आहे. विचारलं की ते नाही म्हणत, पण मिशीतल्या मिशीत हसत.

नवं तेल घातलं, पट्टी बुडवली, काढली. वरच्या खुणेला बरोबर टेकलेलं. मी म्हटलं, झालं. मामा म्हणाले, "न्हाई झालं."

नावेचं तोंड वाळूवर चढलंय, मागची बाजू खाली गेलीय, सगळं तेल मागं धावलंय आणि पट्टी मागच्या अंगाला आहे, तेव्हा ती खोटं बोलून राह्यलीय, असं त्यांनी मला शांतपणे सांगितलं. मिस्त्रीची इंजिनं शिमेटच्या चौथऱ्यावर असतात. कार्डात हे येणार कुठून? मामांनी नाव पाण्यात ढकलली, वीसेक हात आत नेली, नाव सरळ झाल्यावर पट्टी काढली. तेल बोटभर खाली होतं. उरलेलं तेल ओतून झाल्यावर मी कार्डातली शेवटची ओळ वाचली: इंजिन थोडं चालवा, बंद करा, दहा मिनिटं थांबा, तेल खाली बसू द्या, मग पट्टी पुन्हा बघा. तेही केलं. पट्टी बरोबर. आणि चालवलं तेव्हा इंजिन असं वाजत होतं की घाटावरची माणसं बोलायची थांबली. हँडलला मामा एकटे पुरले होते.

परातीचं प्रकरण संध्याकाळी उघडकीला आलं. मामींनी ती राखेनं चार वेळा घासली. तरी लग्नाच्या दिवशी पहिल्या घाण्याच्या पुऱ्या कुत्र्यांनी हुंगून सोडून दिल्या. मामी मामांशी दोन दिवस बोलल्या नाहीत आणि माझ्याशी आठ.

रविवारी सकाळी मामा नवरदेवाला आणायला पल्याड गेले. काकासाहेब खरोखरच वस्तरा घेऊन आले होते, फडक्यात गुंडाळून. नवरदेव शिवाजी बाशिंग सावरत बसला, वऱ्हाड बसलं, आणि मामांनी नाव सोडली. मी आमच्या घाटावर घड्याळ लावून उभी होते. साडेआठ मिनिटं. धूर जवळजवळ नाही. नाव लागली तेव्हा मामा सगळ्यात आधी उतरले आणि कुणाकडंही न बघता त्यांनी मिशीवरून हात फिरवला. काकासाहेबांनी वस्तरा कमरेला खोचला. दुपारी लग्न लागलं, पंगती उठल्या, आणि दिवसभर मामा जो भेटेल त्याला साडेआठ मिनिटं सांगत होते.

उन्हं कलली तशी पाठवणीची तयारी झाली. गाव ह्या गोष्टीवर आठवडाभर हसत होतं, की मच्छिंद्रची लेक चाललीय तरी कुठं? जिथं हा बाप दिवसातून सात वेळा जातो तिथं. सासरचं छप्पर घाटावरून दिसतं. मीही मामांना तसंच म्हणाले होते, तुम्हाला काय रडायचं, तुम्हाला तर रोज भेटेल. मामा म्हणाले होते, बरोबर हाय. आणि खरंच ते रडत नव्हते. मामी रडल्या, आत्या-मावश्या रडल्या, मामा दोर सोडत होते. मला म्हणाले, "बाई, तुमी चला संगं. तेलाचं तुमाला ठावं हाय. कार्ड घ्या."

मला वाटलं, नव्या तेलाची अजून धास्ती आहे. मी कार्ड घेऊन बसले. नवरा-नवरी मधे, काकासाहेब पुढं, वऱ्हाडातली पोरं कडेनं. मामांनी हँडल मारलं. इंजिन एका झटक्यात लागलं आणि नाव सुटली. काठावरच्या मामी बघता बघता लहान झाल्या. नाव एवढी भरधाव मी कधी बघितली नव्हती. मामा एकदा मागं घाटाकडं बघत, एकदा पुढं. पल्याडची माणसं दिसायला लागली होती, साडेआठातली चार मिनिटं संपली होती. तेव्हा मामांनी हात घातला आणि इंजिन बंद केलं.

इंजिन चालू असलं की त्या नावेत माणसाचं बोलणं कुणाला ऐकू येत नसे. एकाएकी पाण्याचा आवाज आला. मग वऱ्हाडातली पोरं ओरडली, मिशी, मिशी. काकासाहेबांनी वळून बघितलं.

"बंद पडलं न्हाई," मामा म्हणाले. "बंद केलं. तेल बघायचंय. बाई, कार्ड वाचा."

मी शेवटची ओळ वाचली. इंजिन बंद करा, दहा मिनिटं थांबा, तेल खाली बसू द्या, मग पट्टी बघा. वाचता वाचता माझ्या ध्यानात आलं. तेल कालच बघून झालं होतं. आज त्याची काही गरज नव्हती, आणि हे त्या नावेत दोघांनाच ठाऊक होतं. मी तोंड उघडलं असतं तर वस्तरा बाहेर निघाला असता. मी तीच ओळ पुन्हा एकदा मोठ्यानं वाचली, दहा मिनिटं या शब्दांवर जोर देऊन.

मामांनी बांबू रोवून नाव धारेत थोपवली. बेबीनंदा खाली मान घालून बसली होती. ती म्हणाली, "आबा, रातच्याला दोर दुहेरी बांधत जा. तुमी एकेरीच बांधता." मामा म्हणाले, बांधीन. मग ती म्हणाली, ओसरीवर मिरच्या वाळत घातल्यात, त्या आत घ्यायच्या राहिल्या. मामा म्हणाले, घेतो. मग तिनं विचारलं, जेवलात का, आणि मामांनी खोटंच सांगितलं की जेवलो. एवढंच बोलणं. मी दुसरीकडं बघत होते. मला रडू येत होतं आणि ते कुणाला दिसू नये असं वाटत होतं.

दहा मिनिटांनी मामांनी पट्टी काढली, टॉवेलनं पुसली, बुडवली, काढली, उन्हाकडं धरली. तेल खुणेवर होतं, मला बसल्या जागेवरून दिसत होतं. मामा म्हणाले, ठीक आहे. हँडल मारलं. नाव शे-दीडशे हात गेली आणि पुन्हा बंद. आता पोरांना राहवेना. एकानं वस्तऱ्याची आठवण करून दिली. तेव्हा काकासाहेब उठले. मला वाटलं, झालं, आता हा माणूस बोलणार. त्यांनी पोरांना एका हातानं खाली बसवलं, मामांच्या हातातला बांबू स्वतःच्या हातात घेतला आणि धारेत रोवला. त्यांनाही दोन मुली होत्या, दोघी परतूरकडं दिलेल्या.

"व्याही," ते म्हणाले, "तेल आजून बसलं नसंल. घाई न्हाई. बघा आनखी एक बार."

मामा पट्टी धरून तसेच उभे राहिले. मग त्यांनी टॉवेल तोंडावर घेतला, आणि तेल पुसायचा टॉवेल असल्यामुळं मिशी, गाल, नाक सगळं काळं झालं. बेबीनंदा रडता रडता हसली. तिनं पदरानं त्यांचा गाल पुसला, तो आणखी पसरला. पल्याड नाव लागली तेव्हा चाळीस मिनिटं झाली होती आणि मिशी शाबूत होती. तिची काय अवस्था होती ते सोडा.

पुढं मामांना तेल बदलायला कुणाची गरज लागली नाही. मात्र अडीचशे तास त्यांनी कधी मोजले नाहीत. पंचमी, दिवाळी, संक्रांत, बेबीनंदा माहेरी यायची असली की आदल्या दिवशी तेल बदललेलं असायचं, नव्या पत्र्याच्या ट्रेमध्ये, कारण परातीला आता हात लावायची सोय नव्हती. जाळी धुतलेली असायची. तिला आणायला जाताना नाव साडेआठ मिनिटांत जायची आणि तिला घेऊन साडेआठ मिनिटांत यायची, मधे कुठंही न थांबता. तिला पोचवायच्या दिवशी मात्र मी घरातून निघतानाच कार्ड पर्समध्ये टाकत असे.